व्यसनाच्या मेंदू-अभ्यासाचा पायलट करताय? या चुका टाळा

थीसिसची मुदत जवळ आली की मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. 'मॅडम, वीस जणांचा पायलट झाला, पण पी व्हॅल्यू येत नाही. काय करू?'

पायलट म्हणजे मुख्य अभ्यासाआधीची छोटी रंगीत तालीम. तिच्याकडून पी व्हॅल्यू, म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे सांगणारा आकडा, मागणं हीच पहिली चूक. दोन गटांत १०-१० जण घेतले आणि फरक ०.८ प्रमाण विचलनांचा (माणसामाणसांत एरवी असतो त्या चढउताराच्या ०.८ पट) आला, तर ९५ टक्के विश्वासाची कक्षा साधारण उणे ०.१ ते १.७ अशी पसरते. म्हणजे फरक मुळीच नसेल किंवा प्रचंडही असेल. तरी तोच ०.८ धरून 'मुख्य अभ्यासाला गटात २६ माणसं पुरे' असं गणित मांडतात. खरा फरक ०.४ असला तर गटात १०० च्या आसपास माणसं लागतात. पायलटमधून बघायचं ते वेगळं: किती जण तयार झाले, किती टिकले, मेंदूचे विद्युत संकेत टिपणारी ईईजीची टोपी घालून तासभर बसवलं का, किती रेकॉर्डिंग वाया गेली. ३० पैकी २४ परत आले तरी खरं प्रमाण ६१ ते ९२ टक्क्यांत कुठेही असू शकतं, हेही लिहा.

दुसरी चूक सविस्तर सांगते, कारण तिच्यात आमचे चार महिने गेले. सिगारेट ओढणाऱ्यांनी १२ तास तंबाखू घ्यायची नाही, सकाळी ईईजी करताना त्यांना सिगारेटची चित्रं दाखवायची आणि मेंदूचा प्रतिसाद मोजायचा, असा तो छोटा अभ्यास. आल्या आल्या कार्बन मोनॉक्साइडच्या यंत्रात फुंकर मारायची. सगळ्यांचे आकडे १० पीपीएमच्या खाली, आम्ही निर्धास्त. सतराव्या माणसाला टोपी बसवत होते, तेव्हा तो म्हणाला, 'ताई, आधी चूळ भरून येऊ का?' डोंबिवलीहून लोकलमध्ये उभ्यानं येताना त्यानं तंबाखू-चुना मळून ओठाखाली धरला होता. विचारलं तर म्हणाला, 'तुम्ही सिगारेट ओढू नका म्हणालात. नाही ओढली.' त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या माहितीपत्रकात शब्दच 'धूम्रपान' होता. आधीच्या सोळा जणांना फोन केले. सात जणांनी त्या सकाळी काही ना काही तोंडात टाकलं होतं.

कार्बन मोनॉक्साइड जळण्यातून येतो, आणि चघळलेल्या तंबाखूत जळत काहीच नाही. बाहेरचा प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलायची घाई आम्हाला नडली. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतात धूम्रपान करणारे १०.७ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २१.४ टक्के. लाळेतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासा, असं लगेच सुचवतात. पण त्याचं अर्धायुष्य १६ तासांच्या आसपास असतं. रात्रभरात ते शून्यावर येत नाही, त्यामुळे तंबाखू काल रात्री घेतली की आज सकाळी, हे एका चाचणीत कळत नाही. निकोटिनचं च्युइंगम खाणाऱ्यातही ते सापडतं.

मी निवडीच्या दिवशी एकेक नाव घेऊन विचारते: बिडी, खैनी, मशेरी, मावा, गुटखा, तपकीर. नुसतं 'तंबाखू घेता का' विचारलं तर मशेरी लावणाऱ्या बायका 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, म्हणून माणूस कबूल करायला बिचकतो. माहिती बाहेर जाणार नाही हे त्याला आधी सांगा. पुड्यांचे फोटो दाखवायचे तर तेही त्याच दिवशी. ईईजीच्या सकाळी दाखवलेत तर चाचणीआधीच तलफ चाळवेल. आणि टोपी घालण्याआधी तोंड उघडून दाखवायला सांगा. लाजू नका.

केसांना खोबरेल तेल असेल तर इलेक्ट्रोडचा संपर्क नीट बसत नाही. शाम्पू करून, तेल न लावता या, असा आदल्या दिवशी फोन करा. स्टेशनचे जिने चढून घामाघूम आलेल्या माणसाला वीस मिनिटं पंख्याखाली बसवा, नाहीतर घामानं ईईजीच्या रेषा वरखाली सरकत राहतात.

उपचाराची चाचणी असेल तर पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयमध्ये, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून नंतरची नोंदणी चालत नाही.

आता दारू. 'तपासणीआधी दोन दिवस पिऊ नका' असं पत्रकात लिहिलेलं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, पुढच्या दोन-तीन दिवसांत भान हरपून भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ही अट घालायचीच नाही. असा कागद मी परत पाठवते, तो कोणाच्याही ओळखीनं आलेला असो.

प्यायलेल्या अवस्थेत आलेल्याची संमतीची सहीही घेऊ नका, मग त्या दिवशीचा स्लॉट रिकामा गेला तरी चालेल. चहा द्या, भाड्याचे पैसे द्या, घरच्या कोणाला तरी बोलावून त्यांच्यासोबत पाठवा आणि पुढची तारीख द्या. आमच्याकडे असे परत पाठवलेले बहुतेक जण पुन्हा आले.