गेममधलं पात्र गंगेवर कसं आणायचं

गेमची चित्रं काढायला लागलेली बहुतेक मुलं गेमचं पोस्टर समोर ठेवतात आणि तेच उतरवतात. हात बसायला ठीक आहे. पण पोस्टर करणाऱ्यानं पोझ, प्रकाश, रंग सगळं आधीच ठरवलेलं असतं, आपल्याला ठरवायला काही उरतच नाही. मी करते ते असं: पात्र गेममधून घ्यायचं आणि जागा आपल्या पायाखालची. माझी जागा नाशिक, म्हणजे गोदावरीचा घाट. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. तुम्ही सिन्नरला किंवा मालेगावात असाल तर तिथली घ्या, पद्धत तीच.

मी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर आणि समोर पार्टचं ड्रॉइंग. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा, बस्स. गेमची गोडी भाच्यानं लावली. तो खेळतो, मी शेजारी वही घेऊन बसते आणि मधूनच ‘थांबव, थांबव’ म्हणून ओरडते. तो वैतागतो, पण थांबवतो.

आधी सावली, मग नाक-डोळे

पात्र निवडलं की लगेच चेहऱ्याला हात घालू नका. आधी त्याची बाह्यरेषा काढा आणि आतला भाग काळ्या शाईनं भरून टाका. नुसत्या काळ्या आकारावरून पात्र ओळखू आलं पाहिजे. आमच्याकडे याची परीक्षा भाचा घेतो. मी कागद लांबून धरते. ‘आत्या, हा नाइट’ (म्हणजे होलो नाइट या गेममधलं पात्र) असं तो लगेच म्हणाला तर पुढे जायचं. त्याला विचार करावा लागला तर आकार अजून जमायचाय.

गेमच्या चित्रकारांनाही असाच विचार करावा लागला होता, आणि तोही मजबुरीनं. मारिओ पहिल्यांदा आला १९८१ च्या डाँकी काँगमध्ये. तेव्हा एका पात्राला मोजकेच पिक्सेल मिळत. तेवढ्यात तोंड दिसेना, म्हणून मिशी आली. केस हलवणं कठीण, म्हणून टोपी. हात हलताना अंगापासून वेगळा दिसावा म्हणून पट्ट्यांची डांगरी. मारिओ घडवणारे शिगेरू मियामोतो यांनी हे स्वतः सांगितलेलं आहे. आज पिक्सेलची ददात नाही, तरी टोपी आणि मिशी तशीच आहे, कारण आकार ठसलाय. तुमच्या पात्राच्या मिशी-टोपीसारख्या खुणा कोणत्या, ते शोधा. दोन-तीनच असतात. बाकीची बटणं, पट्टे, बकला नंतर आल्या काय, न आल्या काय.

मी सध्या होलो नाइटमधला नाइट काढते. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या टीम चेरीनं २०१७ मध्ये आणलेला हा गेम सगळा हातानं चितारलेला आहे, म्हणून आमच्यासारख्यांना तो जवळचा वाटतो. पांढरा मुखवटा, दोन बाकदार शिंगं, दोन काळी भोकं म्हणजे डोळे आणि खाली गडद झगा. संपलं. नवशिक्याला याहून चांगलं पात्र मिळणार नाही. त्याच गेममधली हॉर्नेट लाल झगा आणि सुईमुळे लगेच ओळखू येते, पण तिचा झगा उडताना काढायचा म्हणजे कापडाच्या घड्यांचा अभ्यास लागतो. तिला नंतर घ्या.

मग खेळताना स्क्रीनशॉट जमवा. प्लेस्टेशन आणि स्विच दोन्हींच्या कंट्रोलरवर त्यासाठी बटण असतं. घोस्ट ऑफ त्सुशिमासारख्या गेममध्ये तर फोटो मोडच आहे, कॅमेरा पात्राभोवती हवा तसा फिरवता येतो. मी कंपनीतली सवय इथे वापरते: पात्राचा फ्रंट व्ह्यू, साइड व्ह्यू, टॉप व्ह्यू एकाच पानावर, एकमेकांच्या रेषेत. समोरून शिंगाचं टोक जिथे येतं, तिथून आडवी रेषा ओढली की बाजूच्या चित्रातही टोक त्याच उंचीवर यायला हवं. होलो नाइटसारख्या सपाट गेममध्ये पात्र वरून कधी दिसतच नाही, तो टॉप व्ह्यू तुम्हाला कल्पनेनं बसवावा लागतो. हे पान एकदा नीट झालं की पात्र कुठल्याही कोनातून काढायला स्क्रीन उघडावी लागत नाही.

पळतं, उडी मारतं पात्र हवं असेल तर घरातलं पोर अंगणात पळवा आणि फोनवर स्लो मोशनमध्ये शूट करा. यात लबाडी काही नाही. जॉर्डन मेकनरनं १९८९ च्या प्रिन्स ऑफ पर्शियासाठी आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चौकट काढली. राजपुत्राची चाल आजही खरी वाटते ती त्यामुळे.

जागा शोधायला बाहेर पडा

नाशिकमध्ये गेमच्या जागा शोधाव्या लागत नाहीत. हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या कोरीव पायऱ्या, हाताला धरायला खोबण्या, एका बाजूला दरी: कुठल्याही अ‍ॅडव्हेंचर गेममध्ये खपून जातील. (किल्ल्यावर वही बाहेर काढायची ती पायथ्याशी किंवा माथ्यावर. पायऱ्यांवर फक्त पायऱ्यांकडे बघायचं.) पांडवलेण्यात आत बसून दाराकडे तोंड केलंत की आतला काळोख आणि बाहेरचा झगझगीत चौकोन आपोआप चौकट होतो. दारात पात्र उभं केलं की बाह्यरेषेचा सगळा सराव तिथे कामी येतो. काळाराम मंदिर आणि नारोशंकराचं देऊळ शिल्पाच्या बारकाव्यासाठी घ्या. आणि देवळं, नक्षी, आपली वेशभूषा आवडत असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला राजी जरूर बघा. नायिका सर्कशीतली मुलगी आहे, आणि कथेचे भाग छायाबाहुल्यांच्या पद्धतीनं सांगितलेत. राजीला नारोशंकराच्या घंटेखाली उभं करायचं माझ्या मनात आहे.

गोदावरीच्या घाटावर जायचं तर सकाळी लवकर. बुधवारी बाजार भरतो, तेव्हा बसायला जागा नसते, पण माणसांची झटपट रेखाटनं करायची असतील तर बुधवारसारखा दिवस नाही. सोबत लहान वही, टूबी पेन्सिल, काळं पेन आणि फोन. रंग घरी.

तिथे बघायची खरी गोष्ट म्हणजे आपला काळा दगड. लोक तो काळ्या रंगानं रंगवतात आणि चित्र मरतं. कोरड्या उन्हात तो तपकिरी-राखाडी दिसतो, सावलीत निळसर. आणि पावसात? ओल्या पायरीचा वरचा सपाट भाग आभाळ परत फेकतो, म्हणून तो चित्रातला जवळजवळ सगळ्यात उजळ भाग होतो. पायरीचा उभा भाग मात्र पाणी पिऊन गडद होतो. उजळ पट्टा, गडद पट्टा, उजळ पट्टा. एवढं पकडलंत की घाट ओला दिसायला लागतो, वेगळा पाऊस काढायची फारशी गरजही उरत नाही.

एक चित्र, सुरुवातीपासून

होलो नाइटमध्ये सिटी ऑफ टिअर्स नावाचं जमिनीखालचं शहर आहे. वर एक तळं आहे, त्याचं पाणी झिरपून शहरावर कायमचा पाऊस पडतो. उंच खिडक्या, निळा अंधार, मधोमध कारंज्यावर एक स्मारकाचा पुतळा. श्रावणातल्या घाटावर उभं राहिलं की हे शहर आठवल्याशिवाय राहत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे घाटावरच्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या, कुठपर्यंत पाणी आलं? कमरेला, छातीला, गळ्याला. तोच पूर आणि तोच मारुती चित्रात घ्यायचा. रेखाटन कोरड्या दिवसांत करून ठेवा. पुराच्या वेळी घाटावर उतरू नका, तेव्हाचं पाणी पुलावरून, लांबून बघा.

गेममध्ये नाइट बाकड्यावर बसला की गेम सेव्ह होतो. मी ते बाकडं घाटाच्या वरच्या पायरीवर ठेवते. मूर्तीच्या अंगाखांद्यावर गेमचं पात्र बसवू नका. लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहेच, शिवाय चित्र म्हणूनही ते सवंग दिसतं. मारुती दूर, पाण्यात, धूसर. नाइट पुढे, पाठमोरा, त्याच्याकडे बघत. नाइट किती लहान हे कळायला बाकड्याशेजारी पितळी तांब्या ठेवते. तांब्या त्याच्या छातीपर्यंत आला की बघणाऱ्याला माप आपोआप कळतं. आणि तांबट आळीच्या गावात तांब्या नाही ठेवायचा तर काय ठेवायचं!

कागद ३०० जीएसएमचा, जलरंगाचा, खरखरीत. याहून पातळ कागद पाणी लागताच फुगतो. चारही कडा मास्किंग टेपनं पाटाला चिकटवा. पेन्सिल हलकी. मुखवट्याची पांढरी जागा आखून ठेवा, तिथे शेवटपर्यंत रंग लागू द्यायचा नाही. कोऱ्या कागदाइतका पांढरा कुठलाच पांढरा रंग दिसत नाही.

आता पाऊस, रंगाच्या आधी. साध्या पांढऱ्या मेणबत्तीची कड घेऊन तिरक्या रेघा ओढा, सगळ्या एकाच दिशेनं. जवळचा पाऊस म्हणजे मोजक्या, लांब, जोर दिलेल्या रेघा. दूरचा म्हणजे आखूड, दाट, हलक्या. ओढताना कागदावर काही दिसत नाही, कागद उजेडाला तिरका धरून मेणाची चकाकी तपासा. मुखवट्यावर रेघ नको. मेण लागलं तिथे रंग बसत नाही, त्यामुळे नंतर रंग फिरवला की पाऊस आपोआप उमटतो. मेण पुसता येत नाही, म्हणून उरलेल्या तुकड्यावर आधी हात चालवून बघा.

मुख्य रंग दोनच: अल्ट्रामरिन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना. दोन्ही मिसळले की सुंदर करडा होतो. निळा जास्त तर आभाळ, तांबडा जास्त तर ओला दगड. सिटी ऑफ टिअर्स निळं आहे म्हणून पाणीही निळं करायचा मोह होतो. तिथे मी गेमचं ऐकत नाही. पुरातली गोदावरी दुधाच्या चहासारखी असते, आणि नाशिकच्या माणसाला निळा पूर दाखवलात तर तो चित्राकडे पुन्हा बघणार नाही. पाण्यात सिएना, थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा), भरपूर पाणी. गेमची निळाई आभाळात आणि मागच्या वाड्यांच्या खिडक्यांत ठेवा.

क्रम असा: आधी आभाळ आणि मागचे वाडे, कागद ओला असतानाच, म्हणजे कडा विरघळतात. ते पूर्ण वाळलं की पाणी. मारुती पाण्यातून वर येतो तिथे रेषा काढू नका, ओल्या ब्रशनं कड पुसट करा. मग पायऱ्या, वर सांगितलेल्या उजळ-गडद पट्ट्यांनी. सगळ्यात शेवटी झगा, त्याच दोन रंगांचा घट्ट काढा करून. चित्रातला सगळ्यात गडद ठिपका तो झगाच हवा, आणि त्याला लागून कोरा मुखवटा. नजर आपोआप तिथे जाते. तांब्याला ऑकरचा हात आणि पांढऱ्या पोस्टर कलरचा एक ठिपका. पांढरा रंग तेवढ्यापुरताच.

टेप काढायची घाई नको. कागद पूर्ण वाळला की कोनात, हळूहळू ओढा.

फोनवर किंवा पीसीवर काढणाऱ्यांसाठी

क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि घरच्या कामाला पुरून उरतं. फोनवर आयबिस पेंट हे अ‍ॅप. पाऊस वेगळ्या लेअरवर ठेवा, सावल्यांना मल्टिप्लाय मोड (खालचा रंग गडद करणारा) लावा, बाकी विचार वरचाच. लहान मुलांना तर स्क्रीनच नको. माइनक्राफ्टचा मूळ ठोकळा १६ बाय १६ पिक्सेलचा असतो, तेवढे चौकोन आलेखाच्या कागदावर आखून द्या आणि स्केचपेनांचा डबा पुढ्यात ठेवा. क्रीपरचं, म्हणजे त्यातल्या हिरव्या राक्षसाचं, तोंड दुपारभरात तयार होतं आणि पोरं वाटाघाटी न करता बसतात.

विकायचं का?

हा प्रश्न येतोच. पात्र तुमचं नाही, कंपनीचं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी वापर, अभ्यास, समीक्षा अशा कामांना सवलत देतं, पण कॉलेज रोडवर स्टॉल लावून टी-शर्ट विकायलाही ती चालेल असं धरू नका. काही कंपन्या फॅन आर्टसाठी आपले नियम जाहीर करतात, ते वाचा. मी विकत नाही. कुणी मागितलंच तर पात्राशिवायचा ओला घाट काढून देते, तो माझा आहे.

चित्र दाखवताना गेमचं नाव आणि ते बनवणाऱ्यांचं नाव लिहा. कागदाच्या मागे पेन्सिलीनं कागद, रंग आणि बसायची जागा नोंदवा. पेन नको. जूनपासून कपाटात दमट हवा शिरते, शाई पसरून पुढच्या बाजूला उतरते.