अंध माणसाला वापरता येईल असा टचस्क्रीन कसा करावा

मी उद्यमनगरात दवाखान्यांसाठी टोकन मशीनची पॅनेलं करते. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "मॅडम, अंध पेशंटसाठी व्हायब्रेशन टाका की." टाकते. पण आधी विचारते, दाबायचं कुठं हे बोटाला कसं कळणार? थरथर ही दाबल्यानंतरची पावती. ज्याला काच दिसत नाही, तो त्याच्या आधीच अडलेला असतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी जागा, मग नाव, मग दाबणं. थरथर देणारी मोटर सगळ्यात शेवटी.

जागेसाठी चौकट करा. ३ मिमी ॲक्रिलिक लेसरवर कापून घ्या आणि काचेच्या चारी बाजूंना अशी बसवा की बोटाला उंबरठा लागला पाहिजे. डाव्या उभ्या पट्टीत प्रत्येक बटणासमोर एक अर्धगोल खाच पाडा, बोटाचं टोक जेमतेम अडकेल एवढीच. बोट कडेनं खाली घसरत येतं, खाचेत थांबतं, तिथून आडवं आत गेलं की बटण. कापलेली कड घासून घ्यायला कंटाळू नका. इथला कारागीर "चालतंय की" म्हणून तशीच देतो, आणि दिवसभरात शंभर बोटं त्या कडेवरून फिरायची असतात.

आत बारा चौकोन मांडू नका. पूर्ण रुंदीच्या चार आडव्या पट्ट्या पुरेत. चारांत काम मावत नसेल तर दुसरा स्क्रीन करा. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात बटण किमान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिमी सांगितलंय. ते हातातल्या फोनसाठी. उभ्या मशीनवर मी २० मिमीच्या खाली उतरत नाही. 'मागे जा' कायम डाव्या खालच्या कोपऱ्यात ठेवा. कोपरा न बघता सापडतो, आणि तो प्रत्येक स्क्रीनवर तोच असला पाहिजे.

मोबाईल नंबर घ्यायचा असेल तर मांडणी फोनसारखी ठेवा, वर १-२-३. कॅल्क्युलेटरवर वर ७-८-९ असतात, ते इथं नको. ५ वर उंचवटा द्या. ब्रेलचा ठिपका साधारण अर्धा मिमी उंच असतो, तेवढा बोटाला स्वच्छ लागतो. पण उंचवट्यासाठी काचेवर चिकटवलेली फिल्म जागची हलत नाही आणि खालचा स्क्रीन बदलत राहतो. पुढच्या पानावर ५ नसेल तर तो उंचवटा खोटं बोलतो. म्हणून फिल्म फक्त न बदलणाऱ्या गोष्टींवर. आणि पिन टाकायचा असेल तर सरळ बाजूला खरा कीपॅड बसवा. त्यात माझं मत बदलायचं नाही.

आता दाबण्याचा नियम. २००९ मध्ये आयफोन ३जीएसवर व्हॉइसओव्हर हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम आला आणि सपाट काच अंध लोकांच्या हातात बसली, कारण त्यात शोधणं आणि दाबणं वेगळं केलं होतं. बोट फिरवलं की खालचं नाव ऐकू येतं, दोनदा टकटक केलं की काम होतं. २०११ च्या अँड्रॉइड ४.० मध्येही तशी सोय आली. लोकांच्या हाताला हीच सवय आहे, स्वतःची नवी तऱ्हा काढू नका. ज्यांनी स्मार्टफोन कधी धरलेलाच नाही, त्यांच्यासाठी चौकटीखाली एक खरं, खटका असलेलं 'ठीक आहे' बटण द्या.

प्रोग्राम करणाऱ्याला दोनच गोष्टी बजावा. अँड्रॉइडवर बटणं नुसती चित्रासारखी रंगवली तर टॉकबॅकला, म्हणजे अँड्रॉइडच्या स्क्रीन वाचून सांगणाऱ्या प्रोग्रामला, ती दिसत नाहीत. प्रत्येकाला मराठी नाव लिहा, आणि ते 'बटण १' नको, 'नवीन पेशंट' असं. दुसरं, वेबपानावर करणार असाल तर आयफोनच्या सफारीत पानाकडून थरथर करता येत नाही. त्यावर विसंबू नका.

आता मोटर. नाण्याच्या आकाराच्या स्वस्त मोटरीत वजन गरगर फिरतं. ते वेग घ्यायला वेळ लावतं, थांबायलाही. बोट पुढच्या पट्टीवर गेलेलं असतं आणि मागच्या पट्टीची थरथर अजून चालूच. एलआरए (लिनियर रेझोनंट ॲक्च्युएटर) ही दुसऱ्या प्रकारची मोटर घ्या. त्यातलं वजन मागं-पुढं हलतं, ठोका लवकर उठतो आणि लवकर मिटतो. डीआरव्ही२६०५ ही चिप दोन्ही प्रकार चालवते. कातडीतली थरथर ओळखणारी केंद्रं २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तल्लख असतात, तेव्हा त्याच्या जवळपास चालणारा एलआरए बघा.

पण बसवायचा कुठं, तिथं सगळं अडतं. पत्र्याच्या पेटीला बोल्टनं आवळला तर अख्खी पेटी घुमते आणि बोटाला काहीच लागत नाही. आमच्या गल्लीतले एक काका टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेत, जन्मापासून दिसत नाही. अशी पेटी त्यांच्यासमोर ठेवली की म्हणतात, "पोरी, ह्याला थंडी वाजालिया व्हय?" काचेखाली चारी बाजूंनी फोमची पट्टी द्या, म्हणजे काच पेटीपासून सुटी राहील, आणि एलआरए काचेच्याच पाठीला चिकटवा.

खुणा तीनच. पट्टीची हद्द ओलांडली की एक बारीक टिक, काम झालं की दोन ठोके, चुकलं की एक लांब. चौथी खूण कुणाच्या लक्षात राहत नाही. काका तर म्हणतात तिसरीही जास्तच.

आवाज मराठीत हवाच, शिवाय इअरफोनचं भोक द्या. आजाराचं नाव आणि फोन नंबर वेटिंगमधल्या सगळ्यांना कशाला ऐकवायचे? रिझर्व्ह बँकेचं २०२० मधलं मणी ॲप नोटेची किंमत बोलून सांगतं आणि थरथरीनंही. ज्याला ऐकूही येत नाही त्याची सोय त्यात धरलीय, आपणही धरावी.

तपासायला डोळ्यांवर रुमाल बांधलेला मित्र उपयोगाचा नाही. त्याला स्क्रीन कसा दिसतो ते आठवत असतं, आणि बोटानं शोधायची सवय नसते. न बघणाऱ्या माणसालाच बोलवा, त्याच्या वेळेचे पैसे द्या, आणि तो चाचपडत असताना "जरा डावीकडं" असं सांगू नका. हात कुठं थांबतो ते लिहून ठेवा, खाच तिथं सरकवा.

आणि हे काम जूनच्या आधी उरका, नाहीतर पावसातच परत एकदा तपासा. छत्री मिटून आलेल्या ओल्या बोटानं काच भलतंच काही दाबते. चौकटीच्या खालच्या पट्टीत पाणी निघून जायला दोन बारीक भोकं ठेवा आणि रोज पुसणाऱ्या मावशींना खाचांमधून कापड फिरवायला सांगा.