पहिल्याच फेरीत ऑल-इन? तीन पत्तीच्या सवयीतून होणाऱ्या या चुका टाळा

नाशिकमध्ये टेक्सस होल्डम हा पोकरचा प्रकार शिकायला बसणारे बरेच जण दिवाळीतल्या तीन पत्तीवरून पोकरकडे आलेले असतात, आणि पहिल्याच फेरीत बाद होण्यामागे पुष्कळदा तीच सवय असते. तीन पत्तीत पाने उचलली की हात पूर्ण झालेला असतो. ट्रेल (तीन सारखी पाने) आली तर ती शेवटपर्यंत ट्रेलच राहते आणि चाल किती वाढवायची एवढाच प्रश्न उरतो. होल्डममध्ये हातात दोनच पाने असतात, मधली, सर्वांना सामाईक अशी पाच अजून उघडायची असतात. म्हणून सुरुवातीलाच सगळ्या चिप्स पुढे ढकलाव्यात (म्हणजे ऑल-इन करावे) का, हे पाने किती देखणी आहेत यावरून ठरवू नये. समोरून कॉल कोण करणार (तेवढ्याच चिप्स टाकून सामना कोण करणार) आणि बाद झाल्यास काय जाणार, यावरून ठरवावे.

येथे विचार केला आहे तो घरी, पैसे न लावता, केवळ चिप्स आणि गुणांवर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेचा. महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा लागू आहे आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळही बंद केले आहेत; ही मर्यादा पाळूनच खेळावे.

दुप्पट चिप्स म्हणजे दुप्पट फायदा, हा गैरसमज

समजा गंगापूर रोडवरच्या एका घरी नऊ जण बसले आहेत, सर्वांकडे सारख्याच चिप्स आहेत आणि पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २० गुण मिळणार आहेत. खेळ सुरू होताना प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ११.१ गुण येतात. पहिल्याच डावात एकाने दुसऱ्याला बाद करून चिप्स दुप्पट केल्या, तर चिप्सच्या प्रमाणावरून क्रमांकांची शक्यता काढण्याच्या रूढ पद्धतीने त्याचा वाटा २२.२ न होता साधारण २०.३ गुण होतो, कारण बाद झालेल्याच्या वाट्यातला काही भाग न खेळताच उरलेल्या सात जणांकडे जातो. हरल्यास मात्र पूर्ण ११.१ गुण जातात. याचा अर्थ असा की अशा स्पर्धेत सुरुवातीला सर्वस्व पणाला लावण्यासाठी जिंकण्याची शक्यता ५० टक्के असून भागत नाही, ती ५५ टक्क्यांच्या आसपास असावी लागते. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, आधीच आपल्या बऱ्याच चिप्स गेल्या असतील तर हा आकडा खाली येतो. सारे गुण एकट्या विजेत्यालाच मिळणार असतील तर तो ५० वर येतो, आणि बाद झाल्यावर पुन्हा बसण्याची मुभा असेल तर त्याच्या जवळपास. त्यामुळे बक्षिसांची वाटणी आणि पुन्हा बसण्याचा नियम पाने वाटण्याआधीच विचारून घ्यावा.

एक्क्यांच्या जोडीला घाबरणे, आणि तिची घाई करणे

"पहिलीच फेरी आहे, कशाला धोका?" असे म्हणून एक्क्यांची जोडी टाकून देणारे आहेत. ही सावधगिरी चुकीची आहे. समोर राजांची जोडी असली तरी एक्के सुमारे ८२ टक्के वेळा जिंकतात, म्हणजे ५५ च्या अटीहून कितीतरी अधिक. कोणी ऑल-इन केले असेल तर कॉल करावाच.

मात्र स्वतःहून सुरुवातीलाच ऑल-इन करणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. ५,००० चिप्स असताना आणि ब्लाइंड (पाने पाहण्याआधी दोघांनी टाकायच्या सक्तीच्या चिप्स) २५-५० असताना सगळ्या चिप्स ढकलल्या, तर बहुतेक वेळा सर्व जण फोल्ड करतात (पाने टाकून देतात) आणि हाती ७५ चिप्स येतात. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. घरच्या टेबलावर तासाला पंचवीस डाव होतात असे धरले, तर जवळजवळ नऊ तासांत एकदा. तिच्यावर एवढ्यावरच समाधान मानू नये. बिग ब्लाइंडच्या (म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या, येथे ५०) तिप्पट-चौपट रेज करावा, म्हणजे बेट वाढवावे; आधी कोणी आत आले असतील तर आणखी थोडा वाढवावा. नुसता कॉल करून सगळ्यांना आत घेणे तर सर्वात महागात पडते: कोणतीही पाने घेऊन पाच जण शेवटपर्यंत राहिले, तर एक्के जिंकण्याची शक्यता निम्म्याच्याही किंचित खाली जाते.

राण्या आणि एक्का-राजा

खरी अडचण येथे आहे. तुमच्याकडे राण्यांची जोडी आहे, तुम्ही रेज केला, समोरच्याने वाढवला, तुम्ही पुन्हा वाढवला आणि त्याने शांतपणे ऑल-इन म्हटले. संध्याकाळभर फोल्ड करत बसलेला माणूस शंभर बिग ब्लाइंड पुढे करतो तेव्हा त्याच्याकडे एक्के, राजे किंवा एक्का-राजा असेच धरावे. मोजून पाहा: एक्क्यांच्या जोड्या ६, राजांच्या ६ आणि एक्का-राजाचे प्रकार १६. पहिल्या बारांपुढे राण्यांना १८ टक्क्यांच्या आसपास संधी असते, उरलेल्या सोळांपुढे साधारण ५६. सरासरी जेमतेम ४० टक्के येते. आधी टाकलेल्या चिप्स जमेस धरूनही येथे राण्या टाकणे योग्य ठरते, मग मन कितीही खट्टू होवो. एक्का-राजा तर अशा वेळी आणखी मागे असतो, कारण ती अजून जोडीसुद्धा नसते.

हेच ऑल-इन पाने न पाहता आले, तर हिशेब उलटतो. तीन पत्तीत मुरलेले काही जण येथेही 'ब्लाइंड' चिप्स ढकलतात. अशा कोणत्याही दोन पानांपुढे राण्या सुमारे ८० टक्के आणि एक्का-राजा ६५ टक्के जिंकतो. आपल्यामागे कोणी बोलायचे उरले नसेल, तर दोन्हींनी कॉल करावा. पाने तीच, पण समोरचा माणूस बदलला की निर्णय बदलतो.

फ्लॉपनंतर हट्ट धरणे

तुमच्याकडे इस्पिक आणि किलवरचे एक्के आहेत. फ्लॉपवर (मधल्या पहिल्या तीन पानांत) बदामाची नव्वी, बदामाची अठ्ठी आणि किलवरची सत्ती आली. तुम्ही बेट केले, एकाने कॉल केला. टर्नवर (मधले चौथे पान) बदामाची चौकी आली, तुम्ही पुन्हा बेट केले आणि त्याने तिप्पट वाढवले. आता दहा-गुलाम (सत्ती ते गुलाम सलग पाच), नव्व्यांचा सेट (तीन नव्व्या), दोन जोड्या, कोणतीही दोन बदामाची पाने (बदामाची एकूण पाच), हे सारे तुमच्या हातापेक्षा वरचढ आहे आणि तुमच्याकडे अजूनही एकच जोडी आहे. ज्याच्याकडे लहान जोडी असते त्याला साडेआठ फ्लॉपमागे एकदा सेट लागतो, आणि तो अशाच हट्टी एक्क्यांच्या भरवशावर आधी स्वस्तात कॉल करतो. चिप्स थोड्या उरल्या असत्या तर थांबणे कठीण होते. शंभर बिग ब्लाइंड घेऊन सुरुवात केली असेल, तर दोन बेट गमावूनही पुढे पुरेशा उरतात. येथे फोल्ड करावे आणि पुढच्या डावाची पाने घ्यावीत.