पूलचं पाणी कमी होतंय, पंप पाणी उचलत नाही? टाइल्स फोडायच्या आधी हे बघा

फार्महाऊसच्या पूलचं पाणी उतरायला लागलं की पहिला फोन काँट्रॅक्टरला जातो आणि तो काठावर उभा राहूनच सांगतो, "साहेब वॉटरप्रूफिंग गेलंय, टाइल्स काढाव्या लागतील." जरा थांबा. कर्जत, मुळशी, अलिबागकडचे जे पूल मी बघतो त्यात बऱ्याच वेळा भानगड टाकीत, म्हणजे पूलच्या बांधकामात नसतेच, प्लांटरूममध्ये (पंप-फिल्टरच्या खोलीत) नाहीतर पाइपात असते, आणि ती शोधायला छिन्नी-हातोडा लागत नाही, एक बादली, मार्कर आणि दोन कोरडे दिवस लागतात.

आधी हिशोब करा. ८ बाय ४ मीटरचा पूल असेल तर १ सेंटीमीटर पाणी म्हणजे ३२० लिटर. एप्रिल-मेच्या उन्हावाऱ्यात दिवसाला अर्धा-एक सेंटीमीटर नुसतं उडून जातं, त्यामुळे आकडा ऐकून घाबरायचं नाही. बादलीत पूलचंच पाणी भरायचं, पायरीवर अशी ठेवायची की तिचा काठ पाण्याच्या वर राहील, आत आणि बाहेर दोन्हीकडे पाण्याच्या लेव्हलला खूण करायची. ऑटोफिल (पाणी आपोआप भरणारा नळ) बंद, पोरांना पोहायला बंदी. २४ तास पंप बंद ठेवून बघा, मग परत खुणा करून २४ तास पंप चालू ठेवून बघा. बादलीतलं आणि पूलचं सारखंच उतरलं तर ते ऊन, विषय संपला. पंप चालू असताना जास्त जातंय तर इनलेटच्या लाइनमध्ये, म्हणजे पंपाकडून पूलला परत येणाऱ्या पाइपात (प्रेशर साइडला) लीकेज आहे. बादलीपेक्षा जास्त, पण दोन्ही वेळा सारखंच जातंय तर टाकी, लाइटचा खड्डा, स्किमर (काठावरचं पाला-कचरा ओढणारं तोंड), मेन ड्रेन (तळातली जाळी) यापैकी काहीतरी.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट, जी कोणी बघत नाही. बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटा धुतल्याचं पाणी जिथे बाहेर पडतं ना, त्या पाइपाच्या तोंडाशी जा. मल्टीपोर्ट व्हॉल्व्ह (फिल्टरचा हँडलवाला व्हॉल्व्ह) 'फिल्टर' या खुणेवर असताना तिथून धार तर सोडाच, थेंब थेंब जरी पडत असेल तरी तुमचं पाणी तिकडूनच चाललंय. व्हॉल्व्हच्या आतला स्पायडर गॅस्केट (रबरी सील) गेलेला असतो, आणि तो जातो कारण माळीदादा पंप चालू ठेवूनच हँडल फिरवतात. पंप बंद, मग हँडल, मग पंप, एवढं प्लांटरूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

तिथे कोरडं असेल तर पंप बंद ठेवून पाणी उतरू द्या आणि ते कुठे थांबतं ते बघा (पावसाळा सोडून, कारण पुढे सांगतो). स्किमरच्या तोंडाच्या खाली गेल्यावर थांबलं तर स्किमरचा जॉइंट, लाइटशी थांबलं तर लाइटच्या मागची कंड्युट (वायरीची नळी), तिथे बहुतेक जण सीलच करत नाहीत. संशय आला की सिरिंजमध्ये शाई भरायची आणि पाणी एकदम शांत असताना त्या फटीजवळ हळूच सोडायची, फट पीत असेल तर शाई सरळ आत ओढली जाते. पाइपावर संशय असेल तर बिल्डिंगचे प्लंबर वापरतात तो प्रेशर टेस्टिंगचा हातपंप आणा, लाइनची तोंडं प्लगने बंद करा, पाण्याने दीड-दोन किलो प्रेशर देऊन काटा उतरतो का बघा. हवा भरून टेस्ट करू नका, प्लग उडून तोंडावर येतो.

आता पंप. मोटर फिरतेय पण पाणी येत नाही, किंवा इनलेटमधून बुडबुडे येतायत, म्हणजे सक्शनला, पंपाकडे पाणी ओढणाऱ्या बाजूला, हवा घुसतेय. पूलची लेव्हल स्किमरच्या निम्म्यापर्यंत आहे का बघा, बास्केटमधला पाला काढा, मग स्ट्रेनरच्या (पंपासमोरच्या जाळीच्या डब्याच्या) झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी रिंग. दहातल्या सात वेळा तीच असते, सुकून चपटी झालेली. नवीन टाका आणि सिलिकॉन ग्रीस लावा, घरातलं तेल किंवा व्हॅसलीन नको, काही रबर त्याने फुगतात. तरी हवा येतेय तर पंप चालू असताना सक्शनच्या एकेका जॉइंटवर पाणी ओता, ज्या जॉइंटवर बुडबुडे थांबतात तो दोषी.

मोटर नुसती हुंऽ करून फिरत नसेल तर कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा झटका देणारा भाग) गेलाय, किंवा सीझनभर बंद राहून शाफ्ट जाम. मेन बंद करून मागून शाफ्ट हाताने फिरतो का बघा. थ्री फेज असेल आणि लाइनचं काम झाल्यावर अचानक प्रेशर निम्मं झालं असेल तर फेज उलटलेत, मोटर उलटी फिरतेय, आवाज मात्र एकदम नॉर्मल येतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मोटरवरचा बाण बघा आणि इलेक्ट्रिशियनकडून दोन वायरी बदलून घ्या. पंप आणि मोटरच्या मधून पाणी ठिबकत असेल तर मेकॅनिकल सील गेलंय, ते लगेच बदला, नाहीतर पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि खर्च वाढतो.

फिल्टरचं सोपंय. बॅकवॉश करून झाल्यावर गेजचा काटा कुठे आहे ते लिहून ठेवा, त्याच्यावर ८-१० पीएसआय चढलं की परत बॅकवॉश, नंतर रिन्स (वाळू खळखळून ते पाणी बाहेर सोडणं). रिन्स न करता फिल्टरवर टाकलं तर थोडी घाण पूलमध्ये येणारच. पण इनलेटखाली रोजच वाळूचे ढीग दिसतायत तर फिल्टरच्या आतली लॅटरल (तळाची जाळीदार नळी) तुटलीय, सगळी वाळू काढावी लागेल, त्याला शॉर्टकट नाही.

लाइट लावला की आरसीसीबी पडत असेल तर आरसीसीबी बायपास करणाऱ्या माणसाला गेटच्या बाहेर काढा. कुठेतरी करंट गळतोय, बहुतेक फिटिंगमध्ये पाणी गेलंय, हेच आरसीसीबी सांगतोय. लाइट १२ व्होल्टचे आणि आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा, यात तडजोड नाही.

एवढं सगळं करून टाकीच निघाली तर मग बांधकाम. गळती बहुतेक ठरलेल्या जागी असते, राफ्ट (तळाचा काँक्रीटचा स्लॅब) आणि भिंतीचा जॉइंट, शटरिंगच्या टायची भोकं, भिंतीतून पाइप बाहेर येतो ती जागा. सपाट भिंतीच्या मधोमध क्वचितच. म्हणून सगळ्या टाइल्स काढायचं कोटेशन आलं तर आधी त्या जागा उघडायला सांगा. बारीक चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख घाला, महिनाभरात वाढली तर ती प्लास्टरची नाही. उतारावर मुरमाचा भराव टाकून बांधलेल्या किंवा काळ्या मातीतल्या पूलमध्ये एक कोपरा बसलाय का हेही बघायचं, आणि त्याला लेव्हल मशीन लागत नाही, पाणी स्वतःच लेव्हल आहे. चारही कोपऱ्यांत टाइलच्या कडेपासून पाण्यापर्यंत मोजा, सहा महिन्यांनी परत मोजा. कोपऱ्या-कोपऱ्यांतला फरक वाढत गेला तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, वॉटरप्रूफिंगवाला नको, तो फक्त केमिकल विकेल.

आणि पावसाळ्यात दुरुस्तीसाठी पूल रिकामा करू नका, अजिबात नाही. पाया जमिनीतल्या पाण्यात १ मीटर बुडाला की खालून दर चौरस मीटरला १ टन ढकलतं, म्हणजे आपल्या ८ बाय ४ च्या पूलला ३२ टन. १५ सेंटीमीटरच्या राफ्टचं वजन चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास, भिंती धरून त्याच्या दुपटीच्या आसपास. आतलं पाणीच त्याला दाबून ठेवत असतं, ते काढलं की पूल होडीसारखा वर उचलला जातो आणि पाइप सगळे तुटतात. कोकणात आणि भातखाचरांच्या शेजारी तर दिवाळीनंतरही आधी बाजूला खड्डा खणून पाणी लागतंय का बघा, मगच रिकामा करा.

नवीन बांधत असाल तर दोनच गोष्टी अडून मागा. टाइल्स लावायच्या आधी ७ दिवस पाणी भरून ठेवायचं, आणि भराव टाकायच्या आधी प्रत्येक पाइपाचे शेजारी टेप धरून फोटो काढायचे. पुढे कधी लाइन शोधायची वेळ आली तर अख्खं डेक न उखडता बरोबर त्याच दोन फरशा काढता येतात.