तुमच्या एअर पिस्तुलाला कोणते पेलेट मानवतात? नळीला विचारून घ्या

माझ्याकडे पिस्तूल शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील दोन-तीन महिन्यांत विचारतातच, "मॅडम, सगळ्यात चांगले पेलेट कोणते?" कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018च्या आशियाई खेळांत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवल्यापासून आमच्याकडे मुलींना घेऊन येणारे पालक वाढलेत, आणि मुलीला काही कमी पडू नये म्हणून ते पेलेटचा, म्हणजे एअर पिस्तुलात भरायच्या छोट्या गोळ्यांचा, सर्वांत महागडा डबा घ्यायला तयार असतात. मी त्यांना थांबवते. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन पिस्तुलं घेतली तरी एकाला मानवणारे पेलेट दुसऱ्याला मानवतीलच असं नाही. चाचणी घ्यावी लागते. एक दुपार पुरते.

आधी पेलेटबद्दल थोडं. 10 मीटरच्या स्पर्धेत वापरतात ते 4.5 मि.मी.चे शिशाचे वॅडकटर पेलेट. डोकं सपाट, कंबर बारीक, मागे पोकळ घेर. सपाट डोक्याची कड कागद गोल कापते, त्यामुळे भोकाची किनार स्वच्छ येते आणि गोळी रेषेला लागली की नाही यावर वाद होत नाही. टोकदार पेलेट कागद फाडतो. 25 मीटरच्या सेंटर फायर प्रकारात (काडतुसाच्या मोठ्या पिस्तुलाच्या) .32 इंची वॅडकटर काडतुसं वापरतात, त्यामागेही हाच विचार आहे. पिस्तुलासाठी साधारण 0.45 ते 0.50 ग्रॅमचे हलके पेलेट घेतात, रायफलसाठी 0.53 ग्रॅमच्या आसपासचे. पिस्तुलातून पेलेट सेकंदाला जवळपास 150 मीटर वेगाने निघतो आणि या वेगाला हलका पेलेट बरा पडतो.

पेलेटमुळे किती फरक पडतो, हे आकड्यांत पाहू. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मि.मी. व्यासाचं असतं. पेलेटची कड रेषेला नुसती शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून 8 मि.मी.पर्यंत सरकला तरी चालतो. समजा, चांगल्या पेलेटचा ग्रुप, म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या शॉटच्या भोकांचा पुंजका, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत 7 मि.मी. येतो. त्यातून पेलेटची स्वतःची रुंदी वजा केली तर तो मध्यापासून सव्वा मि.मी.च इकडेतिकडे जातोय. वाईट पेलेटचा ग्रुप 12 मि.मी. आला, तर तोच पेलेट पावणेचार मि.मी. भटकतोय. तुमचा हात 6 मि.मी. चुकला असेल तर चांगल्या पेलेटवर दहा नक्की, वाईट पेलेटवर नशीब. फायनलमध्ये दशांशाने गुण मोजतात, तिथे प्रत्येक दशांश 0.8 मि.मी.चा असतो. तिथे तर हा हिशेब फारच बोचतो.

पण माझ्यासाठी याहून मोठं कारण वेगळं आहे. नऊ लागल्यावर मुलीच्या मनात "पेलेट खराब असेल" ही शंका आली, की त्या शॉटमधून ती काहीच शिकत नाही. पेलेटची खात्री असली की ती लगेच स्वतःकडे बघते: मनगट सैल पडलं का, ट्रिगर ओढताना घाई झाली का, नजर नळीवरच्या पुढच्या साइटवरून (नेम धरायच्या खुणेवरून) टार्गेटवर गेली का. चाचणी करायची ती यासाठी.

अगदी नवशिक्यांनी मात्र यात पडू नये. शॉट अजून पाच-सहाच्या रिंगांत फिरत असतील, तर कुठलाही बऱ्यापैकी मॅच (स्पर्धेचा) पेलेट चालेल. साठ शॉटमध्ये 530च्या पुढे जायला लागलात की मग या.

आता खरेदी. डब्यावर दोन गोष्टी बघा: डोक्याचं माप आणि लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक. माप 4.49, 4.50, 4.51 असं लिहिलेलं असतं, काही स्वस्त डब्यांवर नसतंच. आरडब्ल्यूएसचे आर-10, एच अँड एनचे फिनाले मॅच, जेएसबीचे मॅच हे आमच्या रेंजवर नेहमी दिसणारे. सुरुवातीला वेगवेगळ्या मापांचे चार-पाच डबे गोळा करा. क्लबमधल्या मुलांनी आपापल्या डब्यातले पन्नास-पन्नास पेलेट एकमेकांना दिले तर कुणालाच पाचशेचा डबा वाया घालवावा लागत नाही. देताना कागदाच्या पुडीवर कंपनी, माप आणि लॉट लिहा. पुडी विनानावाची राहिली की ते पेलेट चाचणीच्या कामाचे राहत नाहीत.

चाचणीच्या आदल्या दिवशी नळी साफ करा. नळीत मागच्या बाजूने दोरी ओवून फेल्टचे बोळे ओढा, शेवटचा बोळा स्वच्छ निघेपर्यंत. साफ नळीचे पहिले वीसेक शॉट भरकटतात, म्हणून ते आधीच मारून टाका. नळीचे आणि ग्रिपचे स्क्रू तपासा. पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर भरून घ्या आणि दाब निम्म्यावर यायच्या आत पुन्हा भरा.

पिस्तूल हातात नाही, व्हाइसमध्ये (घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात) धरायचं. व्हाइस जड टेबलाला बोल्टने पक्का केलेला हवा. टेबल हललं तर तुम्ही पेलेटची नाही, टेबलाची चाचणी घेताय. जबड्यांना चामडं किंवा जाड रबर लावा, पकड पिस्तुलाच्या बॉडीवर घ्या. सिलिंडरवर किंवा नुसत्या नळीवर पकड घेऊ नका, आणि फार आवळूही नका. पंखे बंद. पुढे कुणी जाणार असेल तर पेलेट भरायची लिव्हर उघडी आणि चेंबर रिकामं. पिस्तूल व्हाइसमध्ये आहे म्हणून नियम सुटत नाहीत.

सगळ्यात जास्त गडबड लिव्हरमुळे होते. पेलेट भरायला लिव्हर उघडली की पिस्तूल केसभर सरकतं. म्हणून टार्गेटच्या पांढऱ्या भागावर पेन्सिलने बारीक फुली काढा आणि लिव्हर बंद केल्यावर दर वेळी साइटमधून बघा, फुली जागेवर आहे ना. नसेल तर जुळवा, मगच ट्रिगर. साइट सरकवायच्या क्लिकना हात लावू नका. ग्रुप कुठे पडतो याच्याशी आत्ता काही देणंघेणं नाही, तो किती लहान आहे एवढंच बघायचं.

पेलेट बदलला की नव्या पेलेटचे पाच-सहा शॉट बाजूच्या कागदावर मारा, मग दहाचा ग्रुप. पाचचा ग्रुप फसवतो. पाच शॉट योगायोगाने एका भोकात जाऊ शकतात, दहा जाणं अवघड. सगळ्या प्रकारांचा एकेक ग्रुप झाला की उलट्या क्रमाने पुन्हा एकेक मारा. दोन्ही वेळा जो लहान आला तोच खरा. एक ग्रुप 6.5 आणि दुसरा 10 आला तर त्या पेलेटवर माझा भरवसा नाही, मग डब्याची किंमत काहीही असो.

व्हर्नियरने बाहेरच्या कडा मोजा. माझा हिशेब असा: दहा शॉट 7 मि.मी.मध्ये असतील तर उत्तम, 8 पर्यंत स्पर्धेला चालेल, 10 च्या पुढे सरावालाही नको. पावसाळ्यात आमच्याकडे टार्गेटचा कागद दमट होऊन मऊ पडतो, भोकाच्या कडा फाटतात आणि माप चुकतं. जुलै-ऑगस्टमध्ये चाचणी टाळाच. घ्यावीच लागली तर टार्गेट कोरड्या बंद डब्यातून आयत्या वेळी काढा आणि मागे जाड पुठ्ठा लावा.

काही जण सोनाराच्या काट्यावर पेलेट तोलतात. चांगल्या मॅच पेलेटमध्ये त्यातून फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा डोळ्यांनी बघा. पांढऱ्या कापडावर थोडे पेलेट अलगद ओता. घेर चेपलेला, कडेला शिशाची कुस आलेली, डोक्यावर ओरखडा असलेले बाजूला काढा. डबा बॅगेत आदळू देऊ नका, स्पंजचा तुकडा ठेवून झाकण लावा. भरताना पेलेट सरळ बसवा, घेराची कड नळीच्या मागच्या कडेशी समपातळीत आली पाहिजे. वाकडा बसवून लिव्हर दाबली की चांगला पेलेटही तिथेच बिघडतो.

मुलांच्या बाबतीत एका गोष्टीवर मी कडक आहे. पेलेट शिशाचे आहेत आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. पेलेट ओठांत धरायचा नाही, रेंजवर जेवणाचा डबा खायचा नाही, निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याची बाटलीसुद्धा उघडायची नाही. जुन्या डब्यात पांढरी भुकटी दिसली तर ते पेलेट वापरू नका आणि ती भुकटी फुंकू तर मुळीच नका.

पेलेट ठरला की त्याच लॉटचे डबे परवडतील तेवढे एकदम घ्या. कंपनी तीच, माप तेच, पण लॉट बदलला तर चाचणी पुन्हा घ्यावी लागते. सरावाला स्वस्त पेलेट चालतात, मात्र स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे स्पर्धेचेच पेलेट वापरा आणि साइट त्यांच्यावरच जुळवा, कारण पेलेट बदलला की ग्रुपची जागाही सरकते. बालेवाडीला किंवा कुठेही स्पर्धेला जाताना दोन डबे न्या, दुसरा प्रशिक्षकाच्या बॅगेत. आणि चाचणीचे कागद तारीख घालून फाइलला लावून ठेवा. पुढच्या वर्षी ग्रुप मोठा झालाय असं वाटलं, तर नळी बिघडली की लॉट, हे त्यांच्यावरूनच कळेल.