भिगवणला नावेतून घरटी पाहताना या चुका टाळा

भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे मागे साचलेल्या पाण्यावर, बहुतेक जण हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पाहायला जातात आणि घरट्यांसाठीही तोच हंगाम धरतात. रोहित येथे केवळ चरायला येतात. त्यांची वीण कच्छच्या रणात होते. नदी सुरय (रिव्हर टर्न) आणि आर्ली (प्रॅटिनकोल) हे पक्षी मात्र उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरून बेटे उघडी पडली की, साधारण मार्च ते मे या काळात, मोकळ्या जमिनीवर उथळ खळगा करून त्यातच अंडी घालतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अशा बेटावर उतरणे. ठिपकेदार, मातकट अंडी जमिनीच्या रंगात इतकी मिसळून जातात आणि पिल्ले धोक्याची हाक ऐकताच जागीच अशी दबून बसतात, की जपून पाय टाकण्याच्या आश्वासनाला काही अर्थ उरत नाही. शिवाय एप्रिलच्या दुपारी पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब देण्यापेक्षा सावली धरण्यासाठी. तो उठला की अंडी उन्हात भाजू लागतात आणि टपलेल्या कावळ्यांनाही संधी मिळते.

पुढची चूक पक्ष्यांचे वागणे वाचण्यातली आहे. डोक्यावर ओरडत झेपावणारा सुरय किंवा पंख मोडल्यासारखा फरफटत जाणारा आर्ली दिसताच कॅमेरे सरसावतात. पण याचा अर्थ इतकाच, की नाव फार जवळ आली आहे. अशा वेळी बेटाला वळसा न घालता आल्या वाटेनेच मागे वल्हवावे, आणि पक्षी पुन्हा अंड्यांवर बसत नाहीत तोवर अंतर वाढवत राहावे.

नावाडी बहुधा गावचाच मच्छीमार असतो आणि त्याला हे सारे आपल्यापेक्षा चांगले कळते. जादा पैशांचे आमिष दाखवून त्याला पुढे रेटणे मला सर्वांत खटकते, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पक्ष्यांच्या घरट्यांना किंवा अंड्यांना त्रास देणे हे शिकारीतच मोडते. तेव्हा नाव किती अंतरावर थांबवायची, हे काठावरच त्याला विचारून ठरवावे.

छायाचित्रे हलत असतील, तर तिपाई नावेत कुचकामी ठरते, कारण नावेबरोबर तीही डोलते. कोपर गुडघ्यावर टेकवावेत, शटरचा वेग वाढवावा आणि सकाळी ऊन पाठीशी राहील अशी नाव लावून घ्यावी. चांगल्या कोनासाठी उभे मात्र राहू नये. नाव कलंडण्याचा धोका असतोच, आणि उभ्या माणसाला पक्षी अधिक बिचकतात.