पुण्याच्या नोकरीचे पत्र आल्यावर : सोलापुरात बसून निर्णय कसा घ्यावा

सोलापुरात नोकरी करणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. पुण्याच्या कंपनीचे पत्र आलेले असते, पगार येथल्यापेक्षा बराच जास्त दिसत असतो आणि उत्तर आठ दिवसांत कळवायचे असते. नातेवाइकांत आणि मित्रांत मात्र ते उत्तर आधीच ठरलेले असते, कारण पुण्याला जाणे म्हणजे प्रगती आणि सोलापुरात राहणे म्हणजे नाइलाज, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजली आहे. तिच्यावर निर्णय सोपवू नये. महिनाअखेरीस हाती काय उरणार आणि सोमवार ते रविवार हे दिवस प्रत्यक्षात कसे जाणार, एवढ्या दोनच गोष्टी आधी कागदावर मांडाव्यात. मग उत्तर जाण्याचे निघो वा राहण्याचे, ते घरच्यांना समजावून सांगता येते.

पत्रातला वार्षिक आकडा हा कंपनीला आपण वर्षाकाठी केवढ्याला पडतो, त्याचा आकडा असतो. तो बाराने भागून मोकळे होणारे पुष्कळ आहेत आणि पहिल्या पगाराच्या दिवशी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. समजा, पत्रात वार्षिक 6 लाख रुपये लिहिले आहेत. महिन्याला 50,000 होतात खरे, परंतु त्यातले दहा टक्के कामगिरीवर अवलंबून असतील, तर 5,000 दरमहा मिळणार नाहीत. मूळ वेतन 25,000 धरले, तर भविष्य निर्वाह निधीसाठी आपल्या पगारातून बारा टक्क्यांनी 3,000 कापले जातात, आणि कंपनीने भरायचे 3,000 ही बहुतेक ठिकाणी त्याच 50,000 मध्ये आधीच मोजलेले असतात. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी, साधारण 1,200 दाखवलेले असतात, जे कायम नोकरीत सलग 5 वर्षे काढल्याखेरीज सहसा हाती येत नाहीत. व्यवसायकराचे 200 वजा केले, की बँकेत 37,600 जमा होतात. सामूहिक विम्याचा हप्ता, कॅन्टीन किंवा कंपनीच्या बसचे पैसे कापले जात असतील, तर ते वेगळेच. म्हणून होकार देण्यापूर्वी पगाराची मासिक फोड लेखी मागावी. ती मागण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. मनुष्यबळ विभागाचे हे रोजचेच काम आहे.

आता त्याच कागदावर खर्चाचा रकाना आखावा. येथे नोकरीचे 28,000 हाती पडत असतील, जुळे सोलापुरात आईवडिलांच्या घरी राहणे असेल, घरात 10,000 दिले जात असतील आणि स्वतःचा खर्च 6,000 असेल, तर 12,000 शिल्लक राहतात. पुण्यात दोघातिघांत मिळून घेतलेल्या खोलीचे 9,000, मेसचे आणि चहा-नाश्त्याचे 5,000, रोजच्या जाण्यायेण्याचे 2,500 आणि महिन्यातून दोनदा सोलापूरला येण्याचे, वाटेतल्या खाण्यासह, 3,000 धरावेत. घरात दिले जाणारे 10,000 बंद होत नाहीत, कारण वडिलांच्या औषधांचा किंवा धाकट्या भावाच्या फीचा खर्च आपण गावात असण्यानसण्यावर अवलंबून नसतो. स्वतःचा खर्च तेवढाच राहिला असे मानले, तरी मागे 2,100 रुपये उरतात. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. खोलीची अनामत रक्कम आणि पहिल्या महिन्याची गादी, बादली, कपाट यांची खरेदी मात्र कोणालाच चुकत नाही, आणि ती पहिला पगार होण्याच्या आधीच करावी लागते.

असा हिशेब झाल्यावर ताबडतोब नकार कळवावा, असे मात्र मुळीच नाही. निधीत जमा होणारी रक्कम आपलीच आहे, आणि पहिल्या वर्षी 2,100 उरणाऱ्या माणसाकडे तिसऱ्या वर्षी बरेच अधिक उरू शकते. पाहायचे आहे ते तिसरे वर्ष. येथील सध्याच्या जागी आपल्यापेक्षा तीनचार वर्षे आधी लागलेला माणूस आज काय काम करतो आणि काय घेतो, हे आपल्याला ठाऊकच असते. पुण्याच्या कंपनीत त्याच पदावरच्या माणसाचे काय झाले, हे मात्र शोधून काढावे लागते. सोलापूरच्या जवळजवळ प्रत्येक वाड्यातले आणि अपार्टमेंटमधले कोणीतरी पुण्यात असतेच, तेव्हा अशी ओळख काढणे अवघड नाही. त्या व्यक्तीला ‘कंपनी कशी आहे’ असे मोघम विचारू नये. गेल्या दोन वर्षांत पगारवाढ केव्हा झाली, नवे काम शिकायला मिळाले का, आणि सोबत लागलेल्यांपैकी किती जण अजून तेथेच आहेत, असे नेमके विचारावे. कपड्याच्या कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्याला पुण्यातही तेच बिलांचे काम फक्त मोठ्या पडद्यावर करायचे असेल, तर त्या बदलात पगाराखेरीज काही नाही, आणि पगाराचे काय होते ते आपण वर पाहिलेच.

यानंतर आठवड्याकडे वळावे. माझ्या मते पैशांपेक्षा हाच भाग अधिक निर्णायक ठरतो, आणि नेमका तोच कोणी मांडत नाही. ‘शनिवार-रविवार घरी येईनच’ असे म्हणून घर सोडणाऱ्याने गाड्यांच्या वेळा समोर ठेवून ते वाक्य तपासावे. पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटते आणि रात्री दहाच्या आसपास सोलापुरात पोहोचते. गाडी उत्तमच आहे, परंतु हिंजवडीतून पुणे स्टेशन गाठायला संध्याकाळच्या वर्दळीत दीड तास सहज लागतो, म्हणजे शुक्रवारी चारलाच खुर्ची सोडावी लागणार. ते दर शुक्रवारी चालेल का, हे साहेबांना विचारावे लागेल. 2023 च्या फेब्रुवारीत सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत पुण्याहून सातनंतर निघते, त्यामुळे थोडी सवड मिळते. तिचे भाडे मात्र बरेच अधिक आहे आणि ते महिन्याच्या हिशेबात धरायला हवे. परतीची अडचण याहून मोठी आहे. सोमवारी सकाळी साडेसहाच्या सुमाराची हुतात्मा धरली, तर पुण्यात उतरेपर्यंत साडेदहा होतात आणि कचेरीत पोहोचेपर्यंत बारा. म्हणून बहुतेकांना रविवारी रात्रीची बस धरून पहाटे हडपसर किंवा स्वारगेटला उतरावे लागते. रविवारचे जेवण झाले, की बॅग भरणे, आईने बांधून दिलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी तीत बसवणे आणि बस किती वाजता येते याची चौकशी करणे, यात संध्याकाळ संपते. शुक्रवारची रात्र आणि रविवारची संध्याकाळ प्रवासाला गेली, की घरी असल्यासारखा घरी असलेला दिवस एकच उरतो, तो शनिवार.

या कारणाने दर आठवड्याला येण्याचा संकल्प करू नये. पंधरा दिवसांनी यावे आणि त्या खेपेला जोडून एक दिवस घरून काम करण्याची परवानगी घ्यावी. आठवड्यातून काही दिवस घरून काम असे पत्रात लिहिलेले असेल, तर ते दिवस कोणते, ते आपल्याला निवडता येतात का, आणि एका आठवड्याचे दिवस पुढच्या आठवड्याशी जोडता येतात का, एवढे तीन प्रश्न ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. शुक्रवार आणि सोमवार सोलापुरातून काम करता येत असेल, तर वरचा सगळा हिशेब बदलतो. इतका, की ज्या नोकरीला आपण नकार देणार होतो तीच घ्यावीशी वाटेल. सहामाही परिविक्षेच्या (प्रोबेशनच्या) काळात ही सवलत लागू आहे की नाही, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्यावे.

आपण गेल्यावर घरातली कोणती कामे कोणाकडे जाणार, हे लिहिणे पुष्कळांना क्षुल्लक वाटते. सोलापुरात ते क्षुल्लक नाही. महापालिकेचे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी, पुष्कळदा अवेळी, कोणीतरी उठून मोटार लावायची, टाकी भरेपर्यंत जागे राहायचे आणि पाण्याचा दाब कमी असेल तर बादल्या वर न्यायच्या असतात. घरात हे काम आजवर आपणच करत आलो असू, तर पासष्टीचे वडील ते करणार का, की शेजारच्या मुलाला सांगून ठेवायचे, की मोठी टाकी आणि आपोआप बंद होणारी मोटार बसवून मगच गाव सोडायचे, हे ठरवावे. आईला दवाखान्यात नेणे, गॅस, वीजबिल, बँक, एवढी यादी केली, की त्यातली निम्मी कामे मोबाइलवरून पुण्यातूनही होतात असे आढळते. उरलेल्या निम्म्यांसाठी माणूस लागतो, आणि तो माणूस कोण हे त्याला आधी विचारलेले बरे.

करमणुकीचा हिशेबही याच कागदावर हवा. त्याला गौण समजण्याची चूक फार हुशार माणसेही करतात. पुण्यात नाटके, व्याख्याने, सिनेमे भरपूर आहेत हे खरे आहे. परंतु आपल्याला उपयोगी पडते ती करमणूक, जी मंगळवारी संध्याकाळी काम सुटल्यावर गाठता येते. हिंजवडीजवळच्या वाकडला राहणाऱ्याला बालगंधर्व रंगमंदिरातले नाटक केवळ वर्तमानपत्रात दिसते. त्याला जवळ पडणाऱ्या नाट्यगृहांपैकी एक म्हणजे चिंचवडचे रामकृष्ण मोरे. येथे आपण संध्याकाळी काय करतो, ते एक आठवडाभर खरेखुरे लिहून काढावे. कोणी कंबर तलावाकडे फिरायला जातो, कोणी पार्क मैदानावर सामना बघत उभा राहतो, कोणी महिन्याकाठी हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग पाहतो, आणि रमजानच्या दिवसांत विजापूर वेशीतली खाण्याची रांग चुकवत नाही. आणि कोणी यातले काहीच न करता घरी मोबाइल पाहत बसतो. त्याने ‘सोलापूर सोडवत नाही’ असे म्हणताना थोडे थांबावे, कारण मोबाइल वाकडलाही दिसतो. जाता जाता एक सूचना : रुजू होण्याची तारीख आपल्या हातात असेल, तर ती संक्रांतीनंतरची घ्यावी. परिविक्षेत रजा मिळणे कठीण असते, आणि सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघाले असताना पुण्यात खुर्चीवर बसणे सोलापूरच्या माणसाला पहिल्याच वर्षी सोसत नाही.

कागद भरून झाला, तरी प्रत्यक्ष राहून पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नये. चार दिवसांची रजा काढून मित्राच्या खोलीवर मुक्काम करावा आणि कचेरीच्या खऱ्या वेळेला, खऱ्या रस्त्याने, दोन्ही वेळा जाऊन यावे. सुटीच्या दिवशी दुपारी मोकळ्या रस्त्यावरून केलेली पाहणी निरुपयोगी असते. संध्याकाळी खोलीवर परतल्यानंतर आपल्यात फिरायला जाण्याची, स्वयंपाक करण्याची किंवा वाचण्याची ताकद उरते का, एवढेच पाहावे. ‘शहराच्या मध्यावर राहू’ असा विचार असेल, तर तो या चार दिवसांत आपोआप मागे पडतो. कचेरीपासून चालत किंवा दहा मिनिटांत गाठता येईल अशी खोली दोन हजारांनी महाग पडली, तरी घ्यावी.

घरी हा विषय काढताना निर्णय सांगू नये, कागद दाखवावा. वडिलांना आकडे समजतात, आईला शनिवारचा हिशेब समजतो, आणि लग्न झालेले असेल तर पत्नीच्या किंवा पतीच्या नोकरीचा रकाना आपल्या रकान्याशेजारीच आखलेला असावा. दोघांपैकी एकाचीच नोकरी मोजून घर हलवल्याने पुढे जी कटुता येते, ती पगारवाढीने भरून निघत नाही. काका-मामांचा सल्ला आदराने ऐकावा, परंतु त्यांनी पुणे शेवटचे केव्हा पाहिले, हेही लक्षात असू द्यावे.

राहायचे ठरले, तर ते नुसते राहणे होऊ नये. मालकांकडे जाऊन, पुण्याच्या पत्राची धमकी न देता, पुढील वर्षी आपल्याकडे कोणते काम सोपवले जाईल आणि वाढ किती मिळेल, हे विचारावे आणि जे ठरेल ते दोन ओळींत लिहून घ्यावे. सोलापुरात अनेक ठिकाणी सगळे तोंडी चालते. पगाराची पावतीही मागितल्याशिवाय मिळत नाही. ती आजपासून दरमहा मागावी, कारण पुढची कोणतीही कंपनी किंवा बँक तीच पहिली मागते.

जायचे ठरले, तर सही-शिक्क्याचे नेमणूकपत्र हाती पडल्याशिवाय राजीनामा देऊ नये. फोनवरचा होकार किंवा ‘पत्र दोन दिवसांत पाठवतो’ हा निरोप पुरेसा नाही. नेमणूकपत्रातील राजीनाम्याची मुदत, ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार आणि बदलीची अट ही तीन कलमे दोनदा वाचावीत. येथील मुदत एका महिन्याची असेल, तर ती पूर्ण भरावी, हाती घेतलेले काम दुसऱ्याला शिकवून द्यावे आणि निघताना अनुभवपत्र, कार्यमुक्तीचे पत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या घ्याव्यात. ज्या मालकांना आज रागाने बोलू, ते उद्या एखाद्या लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले असतील. हे गाव तेवढेच आहे. भविष्य निर्वाह निधीतील रक्कम काढून घेण्याचा मोह होतो, तो टाळावा : जुना युएएन, म्हणजे निधी खात्याचा नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांकच नव्या कंपनीला द्यावा आणि शिल्लक तेथे वर्ग करून घ्यावी, कारण सलग 5 वर्षांच्या आत काढलेली रक्कम करपात्र ठरते.

नकार द्यायचा असेल, तर तोही मुदतीच्या आत, लेखी आणि चार ओळींत द्यावा. कारण म्हणून ‘सध्या कौटुंबिक जबाबदारीमुळे सोलापूर सोडणे शक्य नाही, घरून काम करता येईल अशी जागा निघाल्यास अवश्य कळवावे’ एवढे लिहिले, तर पुरते. फोन न उचलता गप्प बसल्यास आपले नाव त्या कंपनीच्या यादीतून कायमचे जाते. असे पत्र पाठवणाऱ्याला वर्षभराने पुन्हा विचारणा होऊ शकते, आणि तेव्हा हाच कागद नव्या आकड्यांनी भरता येतो.